काटेवाल्यांना न आलेला काटा

माझ्या भावोजींच्या पायाला भिंगरी आहे, असं सगळे म्हणतात. मला ते कमीच वाटतं. भिंगरी निदान कधीतरी आडवी पडते. हा माणूस जेवताना ताटावरून उठतो तो एकदा पाण्यासाठी आणि एकदा उगाचच. बातम्या उभ्याने ऐकतो. त्याचे केस कापताना न्हावी एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून असतो, नाहीतर गिऱ्हाईक अर्ध्या डोक्यानिशी निघून जायचं. आणि अशा माणसाला नाद कसला असावा, तर मैफली ऐकण्याचा. म्हणजे जिथे अंधारात, दोन्ही बाजूंना अनोळखी कोपरं घेऊन, तासन्तास एका खुर्चीत बसावं लागतं तिथे जाण्याचा.

त्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. किराणावाले, भाजीवाले, भंगारवाले, सोनार, सगळ्यांकडे त्यांची ये-जा. सोबत एक लाकडी पेटी, तिच्यात मखमली खळग्यांत बसवलेली पितळी वजनं. दुकानात शिरायचं, काटा पुसायचा, सरळ बसवायचा आणि मग आपल्याकडचं खरं वजन त्यावर ठेवून काटा काय बोलतो ते बघायचं. आता बहुतेक काट्यांत काटा उरलेलाच नाही, हिरवे आकडे आलेत, तरी लोक काटाच म्हणतात आणि भावोजींना काटेवाले. गंमत म्हणजे आकडा स्थिर होईपर्यंत हा माणूस श्वास रोखून जागच्या जागी उभा राहतो. दिवसभरात तेवढीच काय ती त्यांची शांतता.

आता दुसऱ्या काट्याबद्दल सांगते, कारण सगळा घोळ त्याने घातला.

दर रविवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आमचा अड्डा भरतो. दवाखाना वरच्या मजल्यावर, रविवारी बंद. एरवी गाल धरून बसणाऱ्या पेशंटांच्या खुर्च्यांवर आम्ही बसतो आणि कुणी कुठली मैफल ऐकली ते सांगतो. डॉक्टर, गणिताच्या निवृत्त बाई, भावोजी आणि मी. बाईंना विशेषणांचा तिटकारा. 'अप्रतिम', 'शब्दच नाहीत' असं कुणी म्हटलं की फळ्यावर चुकलेल्या पोराकडे बघावं तशा त्या बघतात. नियम त्यांनीच घातला: गाणं कसं झालं ते सांगायचं नाही, अंगावर काटा कुठे आला तेवढं सांगायचं. कुठल्या ओळीला, कुठल्या सुराला, आणि अंगावर नेमका कुठे. नसेल आला तर 'नाही आला' म्हणायचं आणि चहा प्यायचा.

डॉक्टरांची एक मैफल आम्हाला पाठ आहे. उघड्या मैदानावर गाणं चालू असताना वीज गेली, माइक बंद पडला, आणि गाणारा थांबलाच नाही. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचेना, तेव्हा लोक आपापल्या खुर्च्या उचलून गुपचूप पुढे सरकले. "गाण्याला नाही आला," डॉक्टर म्हणतात, "खुर्च्या सरकल्या तेव्हा आला. कानामागे." बाईंना एकदा लहान मुलांच्या समूहगानात आला होता. एक पोरगं बाकीच्यांच्या आधीच सुरू झालं, घाबरलं, आणि बाकीच्यांनी त्याच्यावर न हसता त्याला सोबत केली. बाई हे सांगतात तेव्हा खिडकीबाहेर बघतात.

भावोजी कधीच 'नाही आला' म्हणाले नाहीत. आणि सांगायचे असं की विचारू नका! उठायचे, दारापासून कोपऱ्यातल्या कुंडीपर्यंत येरझारा घालायचे, व्हायोलिनवाल्याचा गज तारेवर कसा टेकलाच नाही, अधांतरी कसा राहिला, ते हाताने करून दाखवायचे. मग बाही वर सारून दंडावर बोट ठेवायचे. "इथे आला. इथून निघाला तो कोपरापर्यंत." डॉक्टर डोळेच मिटून घ्यायचे.

पण मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढते. दिवसभर लोकांच्या बाह्या वर करणं हेच माझं पोटापाण्याचं काम. सुई बघून ज्यांना काटा येतो ते हात मला लांबून ओळखू येतात. भावोजी सांगायचे तेव्हा काटा माझ्या हातावर यायचा, बाईंच्या यायचा, आणि ज्या दंडावर ते बोट ठेवायचे तो मात्र गुळगुळीत. सांगताना परत यायलाच हवा असं काही नाही, म्हणून मी बोलले नाही, पण मनात शंकेची पाल चुकचुकत राहिली.

मैफलीला ते नेहमी एकटे जायचे. "गाणं एकट्यानेच ऐकायचं असतं," म्हणायचे. आम्हाला ते फार खोल वाटायचं. मग एक वयस्क गायिका आमच्या गावात गायला यायची ठरली, पुन्हा येईल की नाही याची खात्री नव्हती, आणि डॉक्टरांनी कुणाला न विचारता सगळ्यांची तिकिटं एका रांगेत काढून टाकली. वर एक ताईसाठी. माझी ताई म्हणजे भावोजींची बायको. गाण्यातलं आपल्याला काही कळत नाही असं तिचंच म्हणणं, त्यामुळे अड्ड्यावर ती कधी आली नव्हती.

त्या आठवड्यात भावोजींनी घर डोक्यावर घेतलं.

"अगं, नुसते चालतायत," ताई फोनवर म्हणाली. "काल घरातल्या सगळ्या कड्या-बिजागऱ्यांना तेल घातलं. आज परत घातलं."

"गाण्याला जायचंय ना, आनंद झाला असेल."

"आनंद? नापास होणाऱ्या पोरासारखं तोंड झालंय."

सभागृहात त्यांनी रांगेतली कडेची खुर्ची पकडली. शेजारी मी, पलीकडे ताई, मग बाई आणि डॉक्टर. पहिलं गाणं सुरू झालं आणि भावोजींनी बाही वर सारली. ते ऐकत नव्हते, हाताकडे बघत होते. स्टेजवरचा उजेड जेवढा येईल तेवढ्यात, मान वाकवून, दूध उतू जाईल म्हणून पातेल्याकडे बघावं तसं. गायिकेने सूर वर नेला, तिथे सगळ्या सभागृहाचा श्वास अडकला, आणि यांची नजर हातावरून हलली नाही. दुसऱ्या गाण्याला गुडघा हलायला लागला. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे तो गुडघा आम्हा सगळ्यांच्या वाट्याला आला. तिसरं गाणं सुरू होता होता ते उठले आणि तडक बाहेर गेले.

माझा पारा चढला. मी मागोमाग गेले. बाहेरच्या दालनात ते भिंतीवरची पोस्टरं वाचल्यासारखं करत फिरत होते.

"भावोजी, हे काय चाललंय? तिकडे ती बाई जीव ओतून गातेय."

"इथूनही ऐकू येतं."

"काय ऐकू येतं? दार बंद आहे."

ते चालतच राहिले. मी वाट अडवून उभी राहिले तेव्हा कुठे थांबले.

"मला येत नाही गं, धाकटे."

"काय येत नाही?"

"काटा. कधीच आलेला नाही. अगदी कधीच."

"मग दर रविवारी सांगता ते?"

"ते लोकांचं. मैफल सुटली की दारात उभा राहतो. लोक बोलत बाहेर पडतात, त्यातलं उचलतो."

मला हसू फुटलं आणि फुटता फुटता विरलं. त्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

"त्यात काय एवढं?" मी म्हटलं. "नाही आला म्हणायचं आणि चहा प्यायचा. नियमच आहे आपला."

"एकदा म्हणायला ठीक आहे. दर वेळी? माझी आई गेली तेव्हा सगळे रडत होते आणि मी स्टुलावर चढून पंख्याचा स्क्रू आवळत होतो. आठवतं ना तुला? एखाद्या काट्याचं आतलंच तुटलेलं असतं. वरून चकचकीत, पण काहीही ठेवा, शून्य. मी सांगतो दुकानदाराला, याचं काही होणार नाही, फेकून द्या."

माझा राग कुठल्या कुठे गेला. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. हा माणूस इतकी वर्षं गाणं ऐकायला जातच नव्हता. आपण आतून जिवंत आहोत की नाही ते तपासायला जात होता, आणि दर वेळी तेच उत्तर घेऊन घरी येत होता.

आत टाळ्या झाल्या तशी मी त्यांना दंडाला धरून परत नेलं. ताईने आमच्याकडे एकदा बघितलं आणि मान वळवली.

रविवारी ती त्यांच्याबरोबर अड्ड्यावर आली. "मीही येते," एवढंच म्हणाली. भावोजींची पाळी आली आणि ते उठून उभे राहिले, पण येरझारा काही सुरू झाल्या नाहीत.

"तिसऱ्या गाण्यातली ती जागा," ते म्हणाले. "ओळ अर्ध्यावर आली आणि त्यांचा आवाज अडला. वाद्यं थांबली. त्या खाकरल्या नाहीत, पाणी घेतलं नाही, नुसत्या डोळे मिटून बसल्या. आणि मग उरलेली अर्धी ओळ खालच्या सुरात, जवळजवळ बोलल्यासारखी पुरी केली."

मला वाटलं, सवयीप्रमाणे दारातून उचललं असणार. मी तर तिसऱ्या गाण्याला बाहेरच होते. बाही मात्र या वेळी त्यांनी वर सारली नव्हती. श्वास रोखून ते आमच्याकडे बघत उभे होते.

"हो, हो!" डॉक्टर म्हणाले. "तिथेच! मला मानेवर आला."

"मला दोन्ही दंडांवर," बाई म्हणाल्या.

"असं कधी झालं?" ताई म्हणाली. "मी होते की तिथे. तिसरं गाणं त्या सरळ गायल्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मध्ये थांबल्या-बिंबल्या नाहीत."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"नाहीच झालं," भावोजी म्हणाले. "मी बनवलं ते."

"म्हणजे आमची परीक्षा घेतलीत?" बाईंनी विचारलं.

"वजन ठेवून बघितलं. खोटं वजन. मला येत नाही, बाई, कधीच आलेला नाही. तुम्हाला तरी खरंच येतो का, एवढंच बघायचं होतं." त्यांच्या आवाजात एक खुशी होती, ती मला अजिबात आवडली नाही. "तुमचंही माझ्यासारखंच आहे तर. सुटलो मी."

बाई उठल्या. त्या उठल्या की अजूनही माणसं ताठ बसतात. त्यांनी आपला हात भावोजींच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे? नीट बघा."

हातावरचा केस न् केस उभा होता.

"गाण्यात आला नसेल. माझी आठवण चुकली असेल, वय झालं आता. पण तुम्ही आत्ता सांगत होतात तेव्हा हा आला, काटेवाले. तुमचं वजन खोटं, माझा काटा खरा. आता काय म्हणणं आहे तुमचं?"

भावोजींचा चेहरा पार उतरला. सगळ्यांना येतो, त्यांच्या थापेनेसुद्धा येतो, आणि एका त्यांनाच येत नाही, हे आता त्यांच्या नाकासमोर सिद्ध झालं होतं. त्यांनी चालायला सुरुवात केली. दार, कुंडी, दार, कुंडी. चहा तसाच निवत राहिला.

वातावरण निवळावं म्हणून डॉक्टर ताईकडे वळले. "वहिनी, तुम्ही पहिल्यांदाच आलात. तुम्हाला कुठे आला?"

"मला?" ताई म्हणाली. "हे उठून बाहेर गेले तेव्हा."

डॉक्टर हसले. ताई हसली नाही.

"पाठीत आला. दर वेळी तिथेच येतो. हे ताटावरून उठले की येतो. झोपेतून उठून गॅलरीत गेले की येतो, मी जागीच असते. लग्न झाल्यापासून हा माणूस उठला की मला वाटतं, गेला, आता काही परत येत नाही. कुठे चाललात, कशाला चाललात, काही नाही. जाता जाता 'येतो' एवढं तरी म्हणावं माणसाने, तेही नाही. गाण्यातलं मला काही कळत नाही, डॉक्टर. काट्याचं मात्र मला विचारा."

भावोजी तेव्हा दारापाशी पोचले होते आणि सवयीने त्यांचा हात कडीवर गेला होता. तो तिथेच राहिला.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"तुम्ही आपलाच हात बघत बसलात."

हे तिने रागाने म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. मलाही लागलं. भावोजींच्या मनगटातली शीर उडताना मला एवढ्या लांबून दिसत होती. त्यांना त्या खोलीत उभं राहवत नव्हतं आणि कडीही काढवत नव्हती.

"येतो," ते म्हणाले. मग ताईकडे वळून परत म्हणाले, "येतो मी."

"या," ताई म्हणाली.

दार लागलं. डॉक्टर काहीतरी बोलायला गेले, तर ताईने हात वर करून त्यांना गप्प केलं. बाहेर पावलं गॅलरीच्या टोकापर्यंत गेली आणि जिन्यापाशी थांबली. आम्ही चौघं कान देऊन बसलो. तेवढ्यात खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं आणि त्या खडखडाटात काही ऐकू येईना. ताईने माझं मनगट धरलं. शटर थांबलं तेव्हा पावलं परत ऐकू आली. ती जिना उतरत नव्हती. दारापर्यंत यायची, वळायची, लांब जायची, पुन्हा दारापर्यंत यायची.

"येतील," ताई म्हणाली, आणि माझं मनगट काही सोडलं नाही.