बावीस बेलपानं

उदगीरला एक संस्था आहे. गावोगाव हिंडून धर्म सांगणाऱ्या जंगमांचा इतिहास ती जमा करते. तिथल्या पोथ्या सांभाळायचं काम नागप्पाकडं. शिक्षण सातवी. पण तांबड्या कापडात पोथी बांधावी तर त्यानंच. गाठ अशी, की वारा शिरावा पण कागद खाणारी कसर शिरू नये.

गेल्या वर्षी लातूरहून दामिनी आली. डॉक्टरेट झालेली. एका जंगमाच्या गावोगावच्या फिरतीची जी पोथी नागप्पानं बावीस वर्षं जपली, ती तिनं चार महिन्यांत वाचून काढली. पाहुणे आले की अध्यक्ष ईश्वरप्पा तिला बोलवायचे आणि नागप्पाला चहा सांगायचे. तो चहा आणायचा. तिचा कप मात्र कोमट झाल्यावर तिच्यापुढं ठेवायचा.

एवढ्यावर भागलं असतं. पण दिवाळीनंतरच्या बैठकीत दामिनी म्हणाली, "पोथीत बावीस ठिकाणी वाळलेलं बेलपान आहे. ज्या गावात जंगमानं दीक्षा दिली, त्या गावाच्या मजकुरावर त्यानं बेल ठेवला."

टाळ्या झाल्या. ईश्वरप्पा म्हणाले, "मॅडम, तुमचं नाव होणार!"

बेल नागप्पानं ठेवला होता. दर श्रावणात एक, पोथी उघडेल तिथं. पोथीत काही ठेवायचं नाही, हा संस्थेचा पहिला नियम. बोलावं तर कपाटाची किल्ली जाणार. गप्प बसावं तर भक्ती आपली, आणि मान दामिनीला.

आठ दिवस त्याला भाकरी गोड लागली नाही. पोथीवरचं दामिनीचं पुस्तक छपाईला निघालं, त्या सकाळी तो तिच्या टेबलापुढं उभा राहिला.

"मॅडम, ती पानं माझी हायत."

"काय?"

"मागच्या झाडाची. तुम्ही आलात तवा एकवीस होती. औंदाच्या श्रावणात बाविसावं ठेवलं."

दामिनीनं जुनी वही उघडली. एकवीसच लिहिलं होतं. पुढं बावीस भरली तेव्हा आपलीच मोजदाद चुकली, असं तिला वाटलं होतं.

"मामा, त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"किल्लीचं भ्याव होतं."

"मग आज?"

"तुमचं नाव होऊन राहिलंय, ते बघवंना."

दामिनीनं तो भाग काढून टाकला. कारण कळल्यावर कपाटाची किल्ली ईश्वरप्पांनी घेतली आणि दामिनीला दिली. नागप्पा आता मागच्या झाडांना पाणी घालतो. परवा मी संस्थेत पोथी बघायला गेलो, तर बेलाखाली उभा राहून तो खिडकीतनं आत बघत होता. दामिनी पोथी बांधत होती.

"गाठ सैल हाय," तो माझ्या कानाशी म्हणाला. कित्येक महिन्यांनी त्याचं तोंड उजळलेलं दिसलं.