शालिकभाऊंचं उतरवलेलं चाक

शेजारच्या वहिनींचा फोन आला तेव्हा मी तालुक्याच्या गावी, मूलच्या बाजारात भाजी घेत होतो. "गुरुजी, लवकर या जी. हे गाडीपाशी बसले हायत, उठून नाई राह्यले." मला वाटलं, उन्हानं चक्कर आली असेल. पोचलो तर शालिकभाऊ उतरवलेल्या चाकाला टेकून बसलेले, हातांना ग्रीस, आणि मांडीजवळ हबमधून काढलेलं जुनं बेअरिंग. हाक मारली... त्यांच्या कपाळाला हात लावला आणि कळलं. काम अर्ध्यावर टाकायची या माणसाला सवय नव्हती. त्या दिवशी टाकलं.

शालिकभाऊ माझे शेजारी. जन्म राइस मिलचे पट्टे आणि पुल्या सांभाळण्यात गेला, मूलबाळ नाही. म्हातारपणी जुनी मोटार घेतली तेव्हा मीच चेष्टा केली होती की भाऊंना आता नवरदेव व्हायचंय. ते नुसते हसले. मग समजलं की वहिनींच्या किडन्या निकामी झाल्यात आणि डायलिसिससाठी चंद्रपूरच्या खेपा जन्माला चिकटल्यात. बस आहे, पण ती संध्याकाळी फाट्यावर सोडते. फाट्यापासून गावापर्यंत जंगल, आणि दिवस कलला की वाघाच्या धाकानं तिथं धडधाकट माणूसही पायी निघत नाही. डायलिसिसनं पिळून निघालेल्या बाईनं ती वाट कशी चालायची? गाडी चालली तर वहिनी जगणार, इतकी सरळ गोष्ट होती. आम्ही सगळे ती विसरून भाऊंच्या मोटारीवर विनोद करत असू.

आमचे रस्ते बेअरिंग खातात. चाकातून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला की भाऊंना जेवण जायचं नाही. गॅरेजवाले गाडी ठेवून घेतात, आज देतो उद्या देतो करतात, आणि डायलिसिस काही उद्यावर जात नाही. म्हणून हे काम त्यांनी अंगणातच करायचं ठरवलं. जॅक लावायचा, खाली सागाचे ओंडके सरकवायचे, पान्ह्यावर लांब पाइप चढवून त्याच्यावर स्वतः उभं राहायचं, तेव्हा कुठं मधला नट हलायचा. पहिल्या वेळी त्यांनी नवं बेअरिंग हातोड्यानं ठोकून बसवलं आणि घाव घातले आतल्या कड्यावर. आतल्या गोळ्यांनाच मार बसला, दुसऱ्या खेपेला चाक पुन्हा गुणगुणायला लागलं. पुढं शहाणे झाले. जुन्याचं बाहेरचं कडं घासून ते नव्यावर ठेवायचं आणि लांब बोल्ट, जाड वायसर यांच्या जोरावर नट आवळत बेअरिंग आत ओढून घ्यायचं. अर्धा आटा फिरवायचा, बोटानं चाचपायचं, पुन्हा अर्धा. माझा जीव कंटाळून जायचा. "भाऊ, एवढ्यात धान कापून झालं असतं," मी म्हणायचो. "घाई नोका करू जी. तिरपं गेलं त सारंच गेलं." वहिनी ओसरीत बसून पाहत राहायच्या. त्यांना त्या वेळी काय वाटत होतं, हे मी कधी विचारलं नाही.

तेरवी झाली. मला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही. काही खेपा भाड्याची गाडी ठरवली, पण ऐन वेळी चालकाला वरातीचं भाडं मिळायचं आणि आम्ही पिशवी घेऊन दारात उभे. गावातल्या दोघातिघांनी भाऊंच्या मोटारीपाशी बसून पाहिलं, हबमध्ये डोकावले, डोकी खाजवली, चहा पिऊन गेले. मोटार ओंडक्यावर एक पाय उचलून उभीच आहे.

परवा गेलो तेव्हा वहिनींची पिशवी खुंटीला होती. डायलिसिसचा दिवस होता. "मले आता जायचं नाई, गुरुजी." मला राग आला. मी जरा मोठ्यानंच म्हटलं, "असं कसं बोलता? भाऊ एवढी मेहनत कशासाठी करत होते?"

"तेच त म्हणून राह्यली. माह्यापायी किती दिवस चाकापाशी बसावं मानसानं? बसून बसूनच गेले न ते."

त्या आत गेल्या, फ्रिज उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली जड वस्तू होती, वर बर्फाची पांढरी साय. नवं बेअरिंग. बसवायच्या आदल्या दिवशी भाऊ ते बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे. थंडीनं लोखंड केसभर आकसतं आणि हबमध्ये सुखानं शिरतं, असं ते म्हणायचे. "घेऊन जा. कोनाच्या त कामी पडन," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या पायांवर सूज होती. मी ते घ्यायला नको होतं. घेतलं.

आता ते आमच्या फ्रिजमध्ये आहे. बायको म्हणते, कुणी गाडीवाला मागेल त्याला देऊन टाका. मी देत नाही. काल पुन्हा वहिनींकडे गेलो, त्यांनी दारातूनच नकाराची मान हलवली. घरी येऊन बर्फाचा कप्पा उघडला, बेअरिंगला हात लावून पाहिला. अजून थंडगार आहे, बसवायला अगदी तयार.