न्हाणीतला उलटा पंखा

बाजारात तेव्हा नव्यानव्या कंपन्यांचा माल येऊ लागला होता. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या दुकानात एकाच भिंतीवर इतके एक्झॉस्ट पंखे पाहून नवरा गोंधळला. मला मात्र एकच विचारायचं होतं: याने ओलं लुगडं वाळेल का? असा प्रश्न दुकानदाराने आधी ऐकला नसावा. तरी तो ‘वाळेल’ म्हणाला.

लुगडं सासूबाईंचं. आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा, भिंतींना कायमची ओल. सोवळं गच्चीवर घालावं तर येणारंजाणारं कुणीही शिवणार, म्हणून त्या ते न्हाणीत उंच बांबूवर टाकत. ऐप्पसी महिन्याचा, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकातला, पाऊस लागला, न्हाणीतला नुसती हवा फिरवणारा जुना पंखा बंद पडला आणि लुगडं वाळेना. रेशमी सोवळं केव्हाच विरलेलं. त्यांनी ओलेत्याने रांधून पाहिलं, तर ताप भरला. माझ्या हातचं त्यांना चालायचं, पण तेही सोवळ्यातलं, आणि माझं तरी कुठे वाळत होतं? शेवटी त्या केळी आणि दुधावर राहू लागल्या. नवऱ्याने विनवण्या केल्या, मी रुसून पाहिलं, त्या ढिम्म. त्यांच्या गळ्याखालची हाडं दिसू लागली तेव्हा मी खरंच घाबरले.

इलेक्ट्रिशियन नवा पंखा बसवत असताना सासूबाई दारात उभ्या होत्या. पंखा सुरू होताच त्यांनी ओला हात पुढे धरला, वारं कुठून कुठे जातंय ते अजमावलं आणि बंद करायला सांगितलं. पंखा घरातली हवा ओढून बाहेर टाकतो, म्हणजे आमच्या अंथरुणांवरची, चपलांवरची हवा त्यांच्या लुगड्यावरून जाणार.

“फिरवून लाव म्हण त्याला,” त्या मला म्हणाल्या. “बाहेरचें वारें आंत येऊं दे. आकाशाचें तें, त्याला विटाळ नाहीं.”

मी तमिळमध्ये सांगितलं. त्याने पुन्हा विचारून खात्री करून घेतली आणि पुटपुटत पंखा उलटा बसवला. मला हसू येत होतं, पण कुतूहलही वाटत होतं. वाऱ्याला शिवाशिव लागते का? लागत असेल तर किती लांबून? मी विचारलं, तर त्या चिडल्या नाहीत. पाण्याला नदीत लागत नाही, हंड्यात लागते, वाऱ्याचंही तसंच असावं, असं म्हणून त्या स्वतःच विचारात पडल्या.

भोकाबाहेर आकाश नाहीच, हे मात्र आमच्यातल्या कुणालाच सुचलं नाही. बाहेर होता डक्ट, इमारतीच्या मधोमध वरपर्यंत गेलेली अरुंद पोकळी, आणि साऱ्या बिऱ्हाडांच्या खिडक्या त्यातच उघडत.

दुसऱ्या दिवशी लुगडं खडखडीत वाळलं. सासूबाईंनी ते काठीने खाली घेतलं आणि तिथेच थबकल्या. त्याला सांबराणीच्या, म्हणजे उदाच्या, धुराचा वास येत होता, वेखंडाचा, आणि आणखी कसलासा दुधाळ. त्यांनी मला खाली चौकशीला पाठवलं. तळमजल्यावरच्यांची लेक माहेरी येऊन बाळंत झाली होती; बाळाला न्हाऊ घालून धुरी देत होते. जिना मी एकेक पायरी सावकाश चढले. बाळंतिणीच्या खोलीतलं वारं म्हणजे सोयराचं वारं, त्यांच्या लेखी भलताच विटाळ. शेजारी उदबत्ती लावली होती, असं सांगावंसं वाटलं. पण त्यांच्या नाकापुढे माझं खोटं टिकलं नसतं.

मी खरं ते सांगितलं. नवरा लगेच पंखा फिरवून घेतो म्हणाला. त्याला त्यांनी हातानेच गप्प केलं आणि लुगडं पुन्हा नाकाशी धरलं, बराच वेळ.

“तान्ह्या लेंकराचें वारें तें,” त्या म्हणाल्या. “नेसतें मी. तूं स्वैंपाकघरांतून सर.”

मी सरले. त्यांनी भात टाकला, सार केलं, देवाला दाखवलं आणि आमच्याआधी स्वतःच पानावर बसल्या. पहिला भात संपल्यावर त्यांनी मान वर न करता दुसऱ्यांदा वाढून घेतला.