आण्णांनी उतार पाहिला

गेल्या जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी, मनालीच्या वर असलेल्या बर्फाच्या उतारावर, कोल्हापूरचे निवृत्त एसटी ड्रायव्हर आण्णा, वय एकाहत्तर, पायांना स्की बांधलेल्या अवस्थेत चहाच्या टपरीपुढच्या खुर्च्यांवर जाऊन आदळले. त्यांना इजा झाली नाही. प्लॅस्टिकची एक खुर्ची मोडली. उठवायला धावलेल्या मुलाला, संजयला, ते आडवे असतानाच म्हणाले, "पडलो न्हाय रे. गाडी सायडीला घेतली."

आण्णा माझे थोरले मामा. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावर काढली; मलकापूर सोडलं की आंबा घाट, तो उतरायचा आणि परत चढायचा. निवृत्तीनंतर त्यांनी स्टिअरिंग सोडलं, ब्रेक सोडला नाही. दुसऱ्याच्या गाडीत पुढे बसले आणि वळण आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जाई. संजयच्या गाडीत त्या जागेवरची रबरी चटई चवड्याखाली झिजून फाटली होती.

"आण्णा, तितं ब्रेक न्हाय," संजय म्हणायचा.

"तुज्याकडं हाय नव्हं? मग लाव की!"

त्यांची दुसरी सवय रस्ता बघण्याची. नव्या मार्गावर पहिल्याच खेपेला ते गाडी नेत नसत. आधी दुसऱ्या ड्रायव्हरशेजारी बसून जाऊन येत. वळणं, उतार, पाणी कुठे साचतं, गुरं कुठे बसतात, हे बघत. मुलीचं लग्न जयसिंगपूरला ठरत होतं तेव्हा ते कुणाला न सांगता तिथे गेले आणि त्या घरासमोरच्या पानपट्टीवर दुपारभर बसून आले. परतल्यावर होकार दिला. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "बोलवून गेल्यावर सगळीच ग्वाड बोलत्यात. न बोलवता बगायचं. सासू सुनंला हाक कशी मारती, त्ये ऐकून आलो."

तेजल ही संजयची मुलगी. कॉलेजच्या शिबिरातून ती दोनदा हिमाचलात जाऊन स्की शिकली होती. पदवी झाल्यावर तिला स्की शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणात जागा मिळाली. तीन महिने तिथेच राहायचं होतं. घरात संजयचं उत्तर एकच होतं : "आण्णा म्हणतील तसं." प्रशिक्षण सुरू व्हायच्या आठवड्यातच गारगोटीचं एक स्थळ तिला बघायला येणार होतं. आण्णांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "रस्ता बगितल्याबिगर मी पोरगी सोडत नसतो," एवढंच म्हणाले. प्रशिक्षण सोमवारी सुरू व्हायचं होतं. म्हणून शनिवार-रविवार धरून आण्णा, संजय, त्याची बायको सुरेखावहिनी, तेजल आणि मी असे पाच जण तिथे पोचलो. तेजलने बॅग तीन महिन्यांची भरली होती. ती उघडायची की तशीच परत न्यायची, ते रविवारपर्यंत ठरायचं होतं.

शनिवारी सकाळी आण्णांनी जाहीर केलं, की खाली उभं राहून रस्ता कळत नाही. भाड्याने स्की आणल्या. त्या पायात घालण्याआधी त्यांनी सुरेखावहिनींकडे हळद-कुंकू मागितलं. नवीन गाडी पूजेशिवाय हलवायची नाही, हा त्यांचा नियम. वहिनींच्या पर्समध्ये पुडी होती. प्रवासात मळमळू नये म्हणून घेतलेली लिंबंही होती. आण्णांनी दोन्ही स्कींच्या टोकांना बोटं लावली, मग लिंबू हातात घेऊन थबकले.

"हिला चाकं न्हाईत. लिंबू ठेवायचं कुटं?"

"म्होरं ठेवा दोनीच्या," वहिनी म्हणाल्या.

ठेवलं. आण्णा पुढे सरकले. लिंबं फुटली नाहीत. बर्फात दबून दिसेनाशी झाली. प्रशिक्षण देणाऱ्या बाई, तिथल्याच पहाडी, हे सगळं शांतपणे बघत होत्या. आण्णांनी त्यांना आपल्या हिंदीत विचारलं, "बाई, गाडी पलटी हुई तो पोरी लोकां किसकू बुलाते?"

"बाबूजी, पहले दिन तो गिरना ही सिखाते हैं. गिरना, फिर खुद उठना."

आण्णांनी मान डोलावली. "पडायचं पैलं शिकवत्यात. बरं हाय." आणि लगेच, कुणी काही सांगायच्या आत, उतार लागला.

वेग आला तसा त्यांचा उजवा पाय खाली दाबला गेला. स्कीवर एका पायाने जोर दिला की माणूस थांबत नाही, विरुद्ध बाजूला वळतो. आण्णा डावीकडे वळले. त्यांनी आणखी जोरात दाबला. ते आणखी वळले. डावीकडे चहाची टपरी होती.

पुढचा तासभर तेजल त्यांच्यापुढे उलटी चालत राहिली. "आण्णा, दोनी पाय. टाचा भाईर, बोटं आत. उजव्याला इसरा."

"पस्तीस वर्सं नोकरी केल्याली हाय त्येनं. इसरतोय व्हय?"

"मग डाव्यालाबी लावा नोकरीला."

आण्णा हसले आणि हसताना परत पडले. दुपारपर्यंत ते छोट्या उतारावरून एकदा, टाचा बाहेर करून, तेजलपाशी येऊन थांबले. त्यांनी वळून उताराकडे बघितलं. गारगोटीहून त्या संध्याकाळी फोन आला. मंडळी बुधवारी येतो म्हणत होती. संजयने आण्णांकडे बघितलं. "अजून बगतोय," आण्णा म्हणाले. तेजल जेवली नाही.

रविवारी सकाळी आण्णा टपरीवर बसून वरचा मोठा उतार बघत होते. तिथे मधे एक उंचवटा आहे. वरून येणाऱ्याला त्याच्या पलीकडचं दिसत नाही. त्या उंचवट्याच्या खाली एक पर्यटक पडला, त्याची एक स्की निघून घसरत गेली आणि त्याला उठता येईना. वरून माणसं येतच होती. तेजल मागून येत होती. तिने आधी त्याच्याकडे धाव घेतली नाही. उंचवट्याच्या माथ्यावर थांबून स्की काढल्या, बर्फात उभ्या एकमेकींना छेद देऊन खोचल्या आणि मग खाली उतरली. वरून येणारे त्या फुलीपाशी वेग कमी करून बाजूने जाऊ लागले. पर्यटक उठून उभा राहीपर्यंत स्की तिथेच होत्या.

आण्णा उभे राहिले होते. "संज्या, बगितलास?"

"काय?"

"घाटात गाडी बंद पडली, तर पैलं काय करायचं? बॉनेट उगडायचं न्हाय. मागं जाऊन झाडाची फांदी लावायची. नव्या पोरांना हे सांगून सांगून माजं त्वांड दुखलं. हिला कुणी सांगितलं?"

"शिकवत्यात, बाबूजी," टपरीपाशी चहा घेत उभ्या असलेल्या पहाडी बाई त्यांचाच शब्द उचलून म्हणाल्या. बोलणं त्यांना कसं समजलं, ते कळलं नाही.

तेजल खाली आली. धापा टाकत होती. आण्णा संजयकडे वळले.

"गारगोटीला फोन लाव."

"काय सांगू?"

"म्हण, येऊ नगासा. पोरगी ड्युटीवर हाय."

सुरेखावहिनींनी पदर डोळ्यांना लावला. तेजल आण्णांच्या पाया पडायला वाकली. पायात जड बूट असल्याने तिला नीट वाकता आलं नाही. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले. "बूट काडशील तवा पड." मग जरा थांबून, "कुणी काय बोललं तर मला फोन करायचा. बापाला न्हाय. मला."

त्या संध्याकाळी आम्ही चौघे दिल्लीच्या बसने निघालो. तेजल थांब्यावर उभी होती. बॅग तिने वसतिगृहातल्या खोलीत ठेवली होती.

मार्चअखेर तिचं प्रशिक्षण पूर्ण झालं. या हंगामात त्याच उतारावर लहान मुलांची एक तुकडी तिच्याकडे आहे.