उंबऱ्यावरचं वाक्य

देवरे सर गेल्याचं कळलं तेव्हा मी कंपनीत होते. आमच्याकडे मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, त्यामुळे सकाळची बातमी मला जेवणाच्या सुट्टीत समजली. सरांच्या वर्गाचा एक ग्रुप आहे. एरवी कुणी गेलं की ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. इथं तसलं एकही चित्र नव्हतं. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, दोन ओळींचा निरोप टाकला होता आणि त्याखाली आमच्या हिरानं लिहिलं होतं, 'आय गॉट द न्यूज'. तिच्याखाली कुणी 'आय गॉट अ शॉक', कुणी 'आय गॉट हाफ डे लीव्ह, कमिंग'. परक्या माणसाला ही थट्टा वाटली असती. मी लॉकरसमोर उभी राहून रडले, आणि रडता रडता मला हसू फुटलं, हेही सांगून टाकते. सरांना याच्याहून आवडता निरोप देताच आला नसता.

सर मूळचे सटाण्याकडचे. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले, आणि घरात करमेना म्हणून सातपूरला आमच्या कॉलनीतल्या समाजमंदिरात कामगारांसाठी वर्ग काढला. पहिली पाळी सुटल्यावर, चहाच्या वेळेला. मी निफाडच्या द्राक्षबागांमधली, दहावीपर्यंत शिकलेली, लग्न होऊन सातपूरला आले आणि स्विच जोडायच्या लाइनवर लागले. कुणी इंग्रजीत बोलायला लागलं की मी हळूच तिथून सटकायचे. पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, गेट, दाराचं नव्हे, जी-ई-टीवालं, ज्याचं पुढं गॉट होतं, आणि जाहीर केलं की दोन महिने हाच. मधोमध रेघ मारून डावीकडं लिहिलं 'होणं', उजवीकडं 'मिळणं'. डावीकडं विशेषणं... टायर्ड, हंग्री, वेट, मॅरीड. उजवीकडं नामं... सीट, फोन, फीवर, परमिशन. या एका शब्दाला डावीकडचं काही जोडलं की माणूस थकतो, भुकेजतो, भिजतो, संसाराला लागतो. उजवीकडचं जोडलं की त्याच्या पदरात काहीतरी पडतं. माणसाच्या दिवसात याच्यापलीकडं असतं काय, असं ते विचारायचे. मला तेव्हा वाटलं, म्हातारा कामचुकार दिसतोय, एका शब्दावर दोन महिने काढणार.

पण खरी गंमत उंबऱ्यावर होती. वर्गात शिरण्याआधी प्रत्येकानं दारात थांबून त्या शब्दाचं एक वाक्य म्हणायचं, आणि ते त्या दिवशी आपल्याबाबत खरं घडलेलं असलं पाहिजे. 'आय गॉट अ विंडो सीट.' 'आय गॉट वेट.' सर खुर्चीतून मान वर करून बघायचे आणि त्यांच्या अहिराणीत म्हणायचे, "खरं शे. ये आत." गाइडमधलं वाक्य त्यांना बरोबर ओळखू यायचं. आमच्यातला एक जण 'आय गॉट अ गोल्ड मेडल' म्हणाला, त्याला दुसरं सापडेपर्यंत बाहेर उभं केलं. नियम त्यांनाही लागू होता. एकदा दारात थांबून ते फार गंभीरपणे म्हणाले, 'आय गॉट लेट, आय गॉट अ स्कोल्डिंग', आणि मागून येणाऱ्या काकूंनी दुधाची पिशवी वर करून साक्ष दिली. व्याकरणाची चूक ते खुशाल जाऊ द्यायचे. थाप मात्र चालायची नाही.

हिरा आली तेव्हा या नियमाची चांगलीच पंचाईत झाली. ती पेठकडच्या डोंगरातली, कंपनीत पॅकिंगला, आणि विलक्षण लाजाळू. दारात यायची, उभी राहायची, तोंडातून शब्द नाही. आम्ही म्हटलं, सर, तिला येऊ द्या की. सर म्हणाले, नियम म्हणजे नियम. आणि उठून त्यांनी फळा उचलला, बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला. वाक्य नाही म्हणून ती आत येणार नाही, पण शिकल्याशिवायही जाणार नाही, सबब वर्ग बाहेर. आठ दिवस आम्ही सगळे पश्चिमेचं ऊन तोंडावर घेत, रुमाल डोक्याला बांधून शिकलो. येणारे-जाणारे थांबून बघायचे. नवव्या दिवशी हिरा उंबऱ्यावर उभी राहिली आणि लालबुंद होऊन म्हणाली, 'आय गॉट अँग्री.' कशामुळं, ते तिनं मराठीत सांगितलं... माझ्यापायी ही समदी उन्हात बसतात, त्याचा मला लय राग येतो. सर हसले नाहीत. "खरं शे," म्हणाले आणि स्वतः फळा उचलून तिच्या मागोमाग आत गेले. तेव्हापासून मी त्यांना मनातसुद्धा म्हातारा म्हटलं नाही.

माझी फजिती पुढच्या वर्षीची. लाइन लीडरच्या जागेसाठी मुलाखत होती आणि बाहेरच्या देशातले पाहुणे समोर बसणार होते. मी पाच उत्तरं घोकून गेले. पण सवय कुठं जाते? मीटिंग रूमचं दार उघडलं आणि मी आपसूक उंबऱ्यावर थांबले. आतले चार जण माझ्याकडं बघतायत आणि मी खणखणीत आवाजात सांगतेय, 'आय गॉट अप अ‍ॅट फोर. आय गॉट द बस. नाऊ आय अ‍ॅम गेटिंग नर्व्हस.' आमच्या मॅनेजरांच्या तोंडचं पाणी पळालं. मीही तिथंच थिजले, कारण आत यायला मला कुणी सांगेना. मग त्यातल्या एका बाईंनी खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणाल्या, 'मी टू.' पाच उत्तरं राहिली बाजूला, आम्ही अर्धा तास बोललो. जागा मला मिळाली. पेढे घेऊन सरांकडं गेले तेव्हा काकूंनी लगेच आत बोलावलं, पण सरांनी पेढ्यावर डोळा ठेवून मला दारातच थांबवलं, वाक्य ऐकलं, मगच पेढा घेतला.

नंतर सर आजारी पडले. वर्ग थांबला. शेवटची भेट त्यांच्या घरी झाली, जायच्या आठ-दहा दिवस आधी. मी सवयीनं खोलीच्या दारात थांबले, तर पलंगावरून त्यांनीच सुरुवात केली, 'आय अ‍ॅम गेटिंग बेटर.' हाताच्या काड्या झाल्या होत्या. मी म्हटलं, "सर, थाप आहे. बाहेर उभे राहा." ते इतके हसले की खोकला लागला आणि काकू पाणी घेऊन धावत आल्या. मग उशाखालून त्यांनी समाजमंदिराची चावी काढली. वर्ग तू घे, म्हणाले. मी दोन्ही हात मागं घेतले. मी दहावी, मराठी माध्यमाची, अजून जीभ अडखळते, मी काय शिकवणार... ते म्हणाले, "एवढंच म्हण, आय अ‍ॅम गेटिंग रेडी." मला म्हणता येईना. खरं नव्हतं ते, आणि थाप चालत नाही हे त्यांनीच शिकवलेलं. मी मान हलवली. त्यांनी आग्रह केला नाही, चावी परत उशाखाली सरकवली आणि मला चहा घेऊन जायला सांगितलं. तो चहा मला अजून आठवतो, कारण मी तो मान खाली घालून प्यायले. नाही म्हटल्याची टोचणी त्यानंतर रोज होती.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी काकूंनी चावी माझ्या घरी आणून दिली. ती आठवडाभर आमच्या फ्रिजवर पडून होती. नवरा येता-जाता चिडवायचा, फ्रिजला कुलूप लावतेस की काय. आणि समाजमंदिर बंदच राहिलं, तर हिरासारखी पुढची कुणी कुठल्या दारात उभी राहणार, हे काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी मी ग्रुपवर लिहिलं, सोमवारी चारला, आणि चावी हिराकडं दिली, कारण तिची पाळी आधी सुटते.

सोमवारी मी पोचले तर हिरा दाराशीच आणि बाकी दहा-बारा जण आत बसलेले. झाडलोट झाली होती, फळ्यावर तीच रेघ, तेच दोन शब्द, सरांच्या अक्षरातले, कुणी पुसले नव्हते. खुर्ची रिकामी. मी थेट आत जायला निघाले तर हिरा हात आडवा करून म्हणाली, "मॅडम, वाक्य?" सगळे माझ्याकडं बघत होते. मी फळ्याच्या उजव्या बाजूकडं बघितलं, मग डाव्या. "आय गॉट द क्लास," मी म्हणाले. आणि जरा थांबून, "आय अ‍ॅम गेटिंग रेडी."

हिरानं मान वर करून, अगदी सर बघायचे तसं, माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. पेठच्या पोरीनं मग सटाण्याच्या बोलीत सांगितलं, "खरं शे. या आत."