चौथा भिडू

वडील गेल्याच्या दहाव्या दिवशी शहागडला गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठावर आम्ही पिंड मांडून बसलो होतो. कावळे समोरच्या बाभळीवर होते, पण एकही खाली येईना. ऊन चढले. चुलत्यांनी हात जोडून सांगितले, वहिनीला अंतर देणार नाही. कावळे हलले नाहीत. मागे वडिलांचे पत्त्यांतले तिघे सोबती बसले होते. मी त्यांना बोलावले नव्हते.

वडील शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर ते हायवेच्या कडेला, एका बंद पडलेल्या टायरच्या दुकानाच्या पत्र्याखाली मेंढीकोट खेळायला जाऊ लागले. पैसे लावून नव्हे. दोन-दोन भिडू, चार दश्श्या जिंकायच्या, एवढेच. पत्त्यांचा पहिला कॅट मीच जालन्याहून आणून दिला होता. तिथे मी कॉलेजात शिकवतो. तेव्हा ते जेवताना सगळा डाव सांगत, हुकूम लपवणाऱ्याची नक्कल करत. आई हसायची. पुढे सांगणे थांबले. खेळ वाढला आणि त्यातली मजा गेली, हे मला तेव्हाच दिसले होते.

त्यांना शुगर होती. इंजेक्शन घेतले की थोड्या वेळात जेवायला हवे. ते टोचून घेत आणि निघून जात. आई मागून डबा पाठवी. एका सुटीत मी घरी असताना डबा गेला तसा परत आला. झाकण काढले. भाकरी, मेथी, वर ठेवलेला ठेचा, सगळे जागच्या जागी. आईने ते गाईला घातले. मी पुन्हा पुस्तक उघडले.

पायाचे बोट काळे पडले तेव्हा मात्र मी त्या पत्र्याखाली गेलो. वडिलांच्या जखमेवर माश्या बसत होत्या आणि त्यांचे तिकडे लक्ष नव्हते.

"दवाखान्यात चला," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली नाही. तिघांतला एक, पूर्वी कंपाउंडर असलेला, पत्ते पिसत म्हणाला, "कुठं नेता, सर? चौथ्याबिगर डाव होत न्हाई. एवढा होऊ द्या, मंग न्या खुशाल."

आयुष्यभर जखमा धुतलेला माणूस. त्या बोटाचे काय होणार, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळत होते. मी उभाच राहिलो. चारचौघांत बापाचा दंड धरून उठवणे मला जमले नाही. पाच डाव झाले. पुढे बोट कापले. पट्टी बांधलेल्या पायाने ते पुन्हा तिथेच जाऊन बसले. मग पाय गेला. मग तेही गेले.

घाटावर तोच कंपाउंडर उठून पुढे आला आणि पिंडाला हात जोडून मोठ्याने बोलला, "मास्तर, डाव मोडणार न्हाई. तुमच्या जागी तुमचा पोरगा बसंल. या आता जल्दी."

मग माझ्याकडे वळला. "म्हणा ना, सर. मास्तरचा जीव तिथंच अडकलाय. सगळे उपाशी बसलेत."

"म्हणून टाक बाबा," चुलते म्हणाले. "म्हणायला काय जातंय?"

पिंडापुढे दिलेला शब्द मोडता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. वडिलांचा जीव तिथेच अडकला असणार, याबद्दल मलाही शंका नव्हती. म्हणूनच मी ते म्हटले नाही.

"भटजी, दर्भाचा कावळा करा."

खरा कावळा शिवला नाही की गवताचा करून शिववतात. घराण्याला ते कमीपणाचे. चुलत्यांनी मान खाली घातली.

"बापाला उपाशी धाडलं, सर," कंपाउंडर म्हणाला.

"उपाशी तर ते दोन वर्षं तुमच्यात बसले होते."

भटजींनी दर्भ वळला आणि पिंडाला लावला.

जेवणाच्या पंगतीत तिघे सवयीने बसले आणि शेजारी एक पत्रावळ मोकळी ठेवली. कंपाउंडरने हाताने तिथे ये म्हणून खूण केली. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हते. मी दुसऱ्या पंगतीला थांबलो.