पांढऱ्या पातळाच्या तीन गाठी

कंडक्टरनं डबल घंटी मारली, बस मागं सरकायला लागली आणि माय अचानक धावत सुटली. मालेगाव स्टँडवर, भर दुपारी, चप्पल हातात घेऊन. मालेगाव म्हणजे नाशिककडचं नव्हे, आमचं, वाशीम रोडवरचं. ड्रायव्हर बस रिव्हर्स घेत होता, म्हणजे बस तिच्याच दिशेनं येत होती. तरी ती हात वर करून ओरडत होती, "थांबव रे बाप्पा! पोरीचं पातळ राह्यलं!"

आमच्याकडे साडीला पातळ म्हणतात. मागच्या सीटवर पुण्याकडचे एक गृहस्थ होते. त्यांनी शेजाऱ्याला हळूच विचारलं, "काय पातळ राहिलं? वरण?"

बस थांबली. मायनं खिडकीच्या गजातून एक कापडी पिशवी आत कोंबली. तीत माझ्या लग्नाचं पांढरं पातळ होतं, निळ्या काठाचं. आमचे हे, पंधरा दिवसांचे नवरदेव, दुसऱ्या खिडकीतून बाहेर असे बघत होते, जसं या बाईशी आपलं काही नातंच नाही. "नेसजो हं!" माय सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाली. "पेटीत कोंडून ठेवशीन त पाय!" मग बस सुटली आणि मी बंगलोरला निघाले. त्याला आता बावीस वर्षं झाली.

पांढरं का, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीनं दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या लग्नात नवरी पांढरं नेसते आणि नवरदेवही पांढऱ्यातच उभा राहतो. एप्रिलमध्ये जयंतीच्या सकाळी आमच्या गल्लीत उभं राहून बघा, वेचणीला आलेलं कपाशीचं वावर चालत विहाराकडे निघालंय असं वाटतं. आनंद झाला की आम्ही पांढरं नेसतो. एरवी पोपटी, डाळिंबी, चटणी, काय वाटेल ते.

हे पातळ घ्यायला माय मला घेऊन आधी मालेगाव आणि मग थेट शेलूबाजारपर्यंत फिरली होती. दुकानदारानं गादीवर पांढऱ्याचा डोंगर केला. माय एकेक उचलायची आणि टाकायची. "हे दुधाचं पांढरं. हे चुन्याचं. मले तांदळाचं पांढरं पायजे."

"मावशी, पांढरं ते पांढरं. त्यात काय एवढं पाह्यता?"

"काहून? तुयं धोतर आन बगळा एकाच रंगाचा हाये का?"

दुकानदारानं आपल्या धोतराकडे पाहिलं आणि निमूटपणे आणखी एक गठ्ठा सोडला. तांदळाचं पांढरं निघालं एकोणचाळिसावं. घरी आणल्यावर त्याला फॉल मायनंच लावला, टेरिकॉटच्या दोऱ्यानं, आणि शेवटी नेहमीसारख्या तीन गाठी मारल्या. "एक बुद्धाची, एक धम्माची, एक संघाची. आता उसवून दाखव."

बंगलोरला आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्याच महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेचं सीमंत होतं. आपल्या डोहाळजेवणासारखंच असतं. नवी जागा, पहिलं आमंत्रण, मंगल प्रसंग. मी काय नेसणार? मायचं ऐकणारी गुणी मुलगी मी, पिशवीतून पातळ काढलं, कडक इस्त्री केली आणि केसांत मोगरा माळून झोकात खाली उतरले. कपाळाला टिकली लावायची तेवढी घाईत राहिली.

दारात सुनेची आजेसासू बसली होती. सगळे तिला अज्जी म्हणत. तिला हिंदी चार शब्द येत होते, मला कन्नड एकही नाही. तिनं माझ्या साडीकडे पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"हस्बंड?"

"गए," मी हसून म्हणाले. हे कंपनीच्या कामाला हुबळीला गेले होते.

"अय्यो! कब?"

"परसों."

"परसों?" अज्जीनं छातीवर हात ठेवला. "कैसे?"

"ट्रेन से."

अज्जीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आजही हुबेहूब काढून दाखवते, पण कागदावर तो उतरत नाही. तिनं मला ओढून शेजारी बसवलं आणि माझं डोकं थेट आपल्या मांडीवर दाबलं. मोगरा चेंगरला. मी मनात म्हटलं, काय प्रेमळ लोक! नवरा नुसता टूरवर गेला तरी मांडीवर घेतात! तेवढ्यात तिनं विचारलं, "बच्चे?"

"अभी नहीं."

"पाप, पाप," अज्जी डोळे पुसत म्हणाली. कन्नडमध्ये याचा अर्थ 'बिचारी' असा होतो, हे मला पुढं कळलं. तेव्हा मात्र राग आला. लग्नाला जेमतेम दीड महिना झालेला, त्यात पाप कसलं?

रविवारी लिफ्टमध्ये अज्जी भाजीची पिशवी घेऊन उभी होती आणि हे बॅग घेऊन आत शिरले. मी ओळख करून दिली, "ये मेरे हस्बंड." पिशवी पडली. पाचव्या मजल्यापर्यंत आम्ही तिघं टोमॅटोत उभे होतो. त्या दिवसापासून अज्जी यांना दर सणाला डबा पाठवते. रुळावरून परत आलेला माणूस, त्याला खाऊ घालायलाच पाहिजे.

ही गोष्ट मी हजार वेळा सांगितली आहे आणि हजार वेळा लोक हसले आहेत. एक तुकडा मात्र मी दर वेळी गाळत आले. त्या सीमंतात हळदीकुंकवाचं ताट फिरत होतं. बायका एकेक करून सुनेच्या हातात बांगड्या भरत होत्या. ताट माझ्यापर्यंत आलं आणि माझ्यापुढून गेलं. धरणाऱ्या बाईनं अगदी हळुवारपणे नेलं, मला लागू नये म्हणून. लागलंच.

मी सांगू शकले असते. पण पांढरं का, हे सांगायचं तर आम्ही कोण हेही सांगावं लागतं. मग आडनाव येतं, मग प्रश्न येतात, मग चेहरे किंचित बदलतात. मी बावीस वर्षांची होते, भाषा येत नव्हती, भाड्याचं घर होतं. मी सोपा रस्ता धरला. पुढच्याच आठवड्यात पातळ बाजारातल्या रंगाऱ्याला दिलं. त्यानं फॉलसकट कढईत बुडवलं आणि गर्द जांभळं करून दिलं. मी ते नीट उलगडून पाहिलंही नाही. घडी घातली आणि कपाटात सगळ्यात खाली दाबलं.

आणि मायचा दर जयंतीला फोन. "नेसली का?"

"नेसली ना वं माय."

"कशी दिसून राह्यली?"

"एकदम तांदळासारखी."

बावीस वर्षं मी हे खोटं बोलले.

मधल्या काळात कन्नड आलं. 'स्वल्प अडजस्ट माडी', म्हणजे जरा जमवून घ्या, हे आमच्या घराचं ब्रीद झालं. भाकरीशेजारी सांबार बसलं. बाबा गेले, त्यालाही आता आठ वर्षं झाली. आणि काही महिन्यांपूर्वी त्याच बिल्डिंगमध्ये आम्ही स्वतःचा फ्लॅट घेतला. गृहप्रवेशाला माय आली.

स्टेशनवर ती उतरली ती पोपटी पातळात, हातभर बांगड्या घालून. बाबा गेल्यावर गल्लीतल्या एका शहाण्या बाईनं तिला रंगांवरून टोकलं होतं. तेव्हा माय म्हणाली होती, "रंग का माह्या नवऱ्यानं आणले व्हते? मी लग्नाआधीबी नेसत व्हतो." आमच्याकडे बाईसुद्धा 'मी नेसतो' म्हणते. बंगलोरला आल्यावर 'नेसते' म्हणायला मी शिकले खरी, पण मायशी बोलताना जीभ आपोआप 'तो'वर जाते.

चहा झाला आणि ती म्हणाली, "उद्या थे लग्नाचं पातळ नेसजो. माह्यासमोर. बावीस वर्सं फोनवर ऐकून राह्यलो, एक डाव डोळ्यानं पाहू दे."

मी म्हटलं, लाँड्रीत आहे. मग म्हटलं, ब्लाउज होत नाही. मग म्हटलं, चावी सापडत नाही. कपाटाला चावीच नव्हती. माय उठली आणि सरळ खालच्या कप्प्यात हात घालून जांभळं पातळ बाहेर ओढलं. मला वाटलं, ओळखणार नाही. तिनं काठ उलटा केला आणि फॉलवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली.

टेरिकॉटच्या दोऱ्याला रंग धरत नाही. त्या गर्द जांभळ्यावर तिचे टाके सगळेच्या सगळे पांढरे होते, आणि शेवटी तीन गाठी, तांदळाच्या दाण्यासारख्या.

"रंग देल्ला?"

मी मान हलवली.

"काहून वं?"

मग मी सगळं सांगितलं. ट्रेनपर्यंत माय पोट धरून हसली. मग मी ताटाचं सांगितलं, आणि ती हसायची थांबली. ती गाठींवरून अंगठा फिरवत राहिली. मी रडायच्या बेतात होते.

"तुले लाज वाटली?"

"भेव वाटलं."

"मंग मले काहून नाई सांगतलं? मी आलो असतो ना. येऊन थ्या बाईच्या मांडीवर मीच डोकं ठेवलं असतं." तिनं आपली पिशवी ओढली आणि तळातून स्वतःचं पांढरं पातळ काढलं, विहारात नेसायचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. "हे तू नेस. तुयं थे जांभळं मी नेसतो. पैशाचं पातळ, वाया कायले घालवाचं?"

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, खीर वाटायला सुरुवात झाली आणि अज्जी आली. आता ती काठी टेकत चालते. दारात थबकून तिनं पाहिलं. मी पांढऱ्यात, माझा जिवंत नवरा शेजारी खिरीचं पातेलं घेऊन, आणि माझी आई जांभळ्यात, बांगड्यांसकट. अज्जीचा हिशेब कुठंच जुळेना. या वेळी मी थांबले नाही. तिला खुर्ची दिली, पुढ्यात बसले आणि कन्नडमध्ये सगळं सांगितलं. दीक्षा, लग्न, जयंती, तांदळाचं पांढरं. सीमंतातलं ताटही सांगितलं. मी मधेच काही सोडलं नाही.

ऐकून झाल्यावर अज्जीनं स्वतःच्या विटक्या तपकिरी साडीचा पदर चाचपला. तिचा नवरा गेल्याला चाळीस वर्षं झाली होती. काठीनं मायकडे खूण करून तिनं विचारलं, "इनका हस्बंड?"

"गेले," माय म्हणाली.

"कैसे?" आणि मग माझ्याकडे तिरकं बघत अज्जीनंच पुढं जोडलं, "ट्रेन से?"

"नाई वं माय, हार्टनं," माय गंभीरपणे म्हणाली. सगळा हॉल फुटला. अज्जी तर इतकी हसली की काठी पडली. हसू ओसरल्यावर तिनं मायच्या पदराचं टोक हातात घेतलं आणि जांभळा रंग उजेडात धरून पाहिला. "चेन्नागिदे," म्हणाली. छान आहे. पदर मात्र तिनं लगेच सोडला नाही.

जाताना माय जांभळं पातळ घेऊन गेली. "गावात सांगीन, पोरीनं बंगलोरचं घेऊन देल्लं." खोटं बोलण्याचा गुण मला कुठून आला, हा शोध त्या दिवशी संपला. तिचं पांढरं तिनं माझ्याकडे ठेवलं. या वेळी ती गाडीच्या खिडकीत होती आणि मी फलाटावर धावत होते, कारण तिच्या दशम्या माझ्याच हातात राहिल्या होत्या.

मालेगावला राहिलेल्या माझ्या बायांनो, आणि माझ्यासारख्या कुठं कुठं जाऊन कपाटात काहीबाही दाबून ठेवलेल्या बायांनो, या जयंतीला मी ते पांढरं नेसून कोथिंबीर आणायला गेले. वॉचमननं विचारलं, भाजीवाल्यानं विचारलं, लिफ्टमधल्या नव्या भाडेकरणीनं विचारलं. कोथिंबीर घरी पोचायला दीड तास लागला. तेवढ्यात फोन.

"नेसली का?"

"नेसली."

"कोनी इचारलं?"

"तिघा जनांनी."

"मंग?"

"सांगतलं. सगळं सांगतलं."

मग माय म्हणाली, "मंग थेबी आपलंच गाव झालं, बाई." आणि फोन ठेवता ठेवता, "आन ऐक, धुताना नीळ कमी घालजो. नाईतर लोक म्हनतीन, पुन्हा रंग देल्ला."